रजेच्या अर्जाला केसपेपर कशाला?

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात बसून एका बाईने चार ओळींचा रजेचा अर्ज लिहिला. अक्षर तिचं, मजकूर माझा. प्रकृती ठीक नसल्यामुळे दहा दिवसांची रजा मिळावी, या दिवसांचा पगार कापू नये, वगैरे. सही करून तिने विचारलं, "ताई, एवढं पुरेल का?" मी म्हटलं, "नुसत्या अर्जाला कोण विचारतंय? दवाखान्याचे सगळे कागद जोड. म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही." समोरच्या दुकानातून ती डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून घेऊन आली. ती प्रत मी माझ्या हाताने अर्जाला टाचली.

त्या टाचणीची सल अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगवर होती, ठेकेदारामार्फत. ईएसआयचे पैसे पगारातून कापले जात होते, कार्ड मात्र हातात आलेलं नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती मुलीसह माहेरी राहत होती आणि पोटगीची केस चालू होती. तिने गर्भपात करून घेतला होता, सरकारी रुग्णालयात, कायद्याच्या चौकटीत. गर्भ कोणाचा, हे मी तेव्हा विचारलं नाही. आमच्या कामात तो प्रश्न येतच नाही आणि इथेही तो येण्याचं कारण नाही. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी नेहमीसारखं इंग्रजीत लिहिलं होतं. पण 'एमटीपी' ही तीन अक्षरं आता कोणाला कळत नाहीत?

सुपरवायझरने अर्ज हातात घेतला आणि जोडलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेकेदाराला पाठवला. हिला किती दिवस द्यायचे, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने हे वाईट हेतूने केलं, असं मला आजही वाटत नाही. ठेकेदाराच्या कचेरीतून तो फोटो हजेरी ठेवणाऱ्या पोराकडे गेला. तिच्या सासरच्या गावातली तीन माणसं त्याच कारखान्यात, त्याच बसने येणारी. दहा दिवसांची रजा संपायच्या आत तो फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये होता, आणि पुढच्या तारखेला त्याच्या वकिलाच्या फाईलमध्ये.

तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि आता २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही, बायको 'व्यभिचारात राहत असेल' तर तिला पोटगी नाही, असं म्हटलेलं आहे. एखाद्या प्रसंगाला 'व्यभिचारात राहणं' म्हणत नाहीत, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. फोटोतल्या झेरॉक्सवरून तर काहीच सिद्ध होत नव्हतं. आमच्या वकील मैत्रिणीने तिला हे सगळं समजावलं. पण त्या कागदावर न्यायाधीश काय म्हणाले असते, तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. भाऊ म्हणाला, "आता गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, मिटवून टाक." एका फुटकळ रकमेवर तिने मिटवलं. नोकरीही सोडली, कारण त्या बसमध्ये पुन्हा बसायचं नव्हतं. कापलेला पगार मिळालाच नाही, ते वेगळंच.

एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या सत्रात आम्हाला केसवर्क शिकवताना बिस्टेकची सात तत्त्वं घोकून घेतली होती. त्यातलं एक गोपनीयता. तिची फाईल केंद्रातल्या कपाटात कुलपात असते, चावी माझ्याकडे असते, पोलीस आले तरी आम्ही ती सहजासहजी दाखवत नाही. आणि तीच मी, पगार वाचावा म्हणून, त्या कुलपातला सर्वांत नाजूक कागद मालकाच्या हाती द्यायला तिला सांगत होते! मला त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही. मालकाने मागायच्या आधीच, त्याने मागितलं तर आपण देणं लागतो, हे मी मनाशी धरून चालले होते. माझ्यासारख्या कितीजणी असं धरून चालतात, हे नंतर शिबिरांमधून विचारत गेले तेव्हा कळलं. जवळजवळ सगळ्याच.

ही सवय आपल्याला कोणी लावली? रजेच्या नमुन्यांकडे नीट बघा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा नियमांबरोबर जो वैद्यकीय दाखल्याचा नमुना आहे, त्यात अमुक कर्मचारी '........ या आजाराने पीडित आहे' अशी रिकामी जागा आहे. तीच जागा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही आहे. (२०२३ साली नवी आचारसंहिता आली होती, पण ती लगेच स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालू आहे.) या आचारसंहितेत एकीकडे डॉक्टरांना बजावलं आहे की व्यवसाय करताना कळलेली रुग्णाची गुपितं उघड करायची नाहीत. अपवाद तीनच : न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले रोग. मालकाची चौकशी या तिन्हींत कुठेच बसत नाही. आणि त्याच आचारसंहितेच्या शेवटी रजेच्या दाखल्याचा जो नमुना छापला आहे, त्यात आजाराचं नाव लिहायची जागा तर आहेच, शिवाय खाली तळटीप : आजाराचं स्वरूप व संभाव्य कालावधी लिहावा, आणि सोबत आजाराची लक्षणं, कारणं सांगणारा थोडक्यात वृत्तांत जोडावा. म्हणजे पुढच्या पानांवर जे गुपित म्हणून जपायला सांगितलं, ते शेवटच्या पानावर साहेबांच्या टेबलावर ठेवायला सांगितलं. हा नमुना ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मलेरिया झालेला पुरुष कारकून असावा. त्याला 'आजाराचं स्वरूप' लिहिताना कसली चोरी?

बाईच्या आजाराचं स्वरूप लिहिलं की त्यातून तिचं लग्न झालंय की नाही, मूल हवंय की नको, नवरा जवळ आहे की नाही, पाळी येते की गेली, असं सगळंच वाचलं जातं.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत एकदा गेला होता, आणि तो निकाल आपल्या चळवळीने जितका वापरायला हवा तितका वापरलेला नाही. आयुर्विमा महामंडळात लागलेल्या नीरा माथुर या कर्मचारी स्त्रीला परिवीक्षा काळात बाळंतपणाच्या रजेनंतर कामावरून काढण्यात आलं. कारण काय, तर नोकरीला लागताना भरून दिलेल्या प्रपत्रात तिने शेवटच्या पाळीची तारीख खोटी लिहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तिला परत कामावर घ्यायला सांगितलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या प्रपत्राकडेच बोट दाखवलं. पाळी नियमित येते का, दुखतं का, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, हे रकाने लाजिरवाणे, किंबहुना अपमानास्पद आहेत आणि महामंडळाने ते काढून टाकावेत, असं न्यायालयाने म्हटलं. नोकरीत शिरताना जे विचारायचं नाही, ते रजा घेताना विचारायला हरकत नाही, असं कसं होईल? पण नोकरीच्या प्रपत्राबद्दल आपण बोललो आणि रजेच्या अर्जाबद्दल गप्प राहिलो. पुढे २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा आपण सभा घेतल्या, पेढेही वाटले असतील. आमच्या पॅकिंगवाल्या बाईच्या ठेकेदारापर्यंत तो निकाल पोचला नाही. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचे असतात, आणि तिचा मालक सरकार नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. केस मिटल्यावर काही महिन्यांनी मी गर्भपाताच्या कायद्याखालचे विनियम वाचत होते, दुसऱ्याच कामासाठी. १९७५ साली केलेल्या आणि २००३ साली नव्याने काढलेल्या केंद्राच्या विनियमांत रुग्णालयाच्या नोंदवहीबद्दल सांगितलं आहे. ती गुप्त, ती कोणाला दाखवायची नाही. त्यालाच जोडून एक परंतुक आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीने अर्ज केला, तर तिला मालकाकडून रजा मिळावी म्हणून डॉक्टर दाखला देऊ शकतात. आणि त्यापुढे दुसरं परंतुक : अशा मालकाने ही माहिती दुसऱ्या कोणालाही सांगता कामा नये.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे वाक्य कागदावर होतं. आमच्या केंद्रात कुणालाच ते माहीत नव्हतं. सुपरवायझरने फोटो ठेकेदाराला पाठवला तेव्हा, ठेकेदाराने पुढे ढकलला तेव्हा, हे वाक्य अर्जाला जोडलेलं असतं तर? कदाचित काहीच फरक पडला नसता. या विनियमांचा मुद्दाम भंग केला तर कायद्यात दंड आहे तो एक हजार रुपयांपर्यंत. शिवाय असे विनियम करायचा अधिकार राज्यांना आहे, त्यामुळे आपल्या भागात नेमकं काय लागू आहे हे वकील मैत्रिणीकडून तपासून घ्यायला हवं. २०२१ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात जे कलम घातलं ते मात्र देशभर लागू आहे आणि कडक आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील डॉक्टरने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितले, तर एक वर्षापर्यंत कैद. पण ते डॉक्टरपुरतं. ज्याच्या हातात कागद पडला तो सुपरवायझर त्या कलमाच्या बाहेरच राहतो. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे, त्याचा भार उपचार करणाऱ्यांवर. त्याच वर्षीचा एचआयव्हीचा कायदा थोडा पुढे जातो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणावरही आपली एचआयव्ही-स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही, मालकालाही नाही. बाकी आजारांना असं संरक्षण नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून मला आशा होती. पण त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा दर्जा नाही, आणि नोकरीच्या कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरायची मुभा मालकाला दिलेली आहे.

आणि जिथे कायदा बाईला खास रजा देतो, तिथे रजेचं नावच सगळं सांगून टाकतं! गर्भ पडला किंवा पाडला तर सहा आठवडे पगारी रजा, नसबंदी केली तर दोन आठवडे, हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिलं होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. मोठी लढून मिळवलेली गोष्ट. पण पुरावा दिल्याशिवाय ती मिळत नाही. त्यामुळे मला भेटलेल्या बायकांपैकी बहुतेकजणी ती घेतच नाहीत. अंगावर काढतात, चौथ्या दिवशी कामावर उभ्या राहतात, किंवा किरकोळ रजा खर्चून टाकतात. एक शिक्षिका मला म्हणाली होती, "सहा आठवडे मिळाले असते हो, पण मग स्टाफरूममध्ये प्रत्येकीने पोटाकडे बघितलं असतं." लाभ दाखवायचा आणि तो घेण्याची किंमत म्हणून लाज वसूल करायची, असा हा व्यवहार आहे. पुरावा मागायला माझी ना नाही. तो कोणी बघायचा, कुठे ठेवायचा, किती जणांच्या हातून जायचा, हे ठरलेलं नाही, तिथे अडतं.

इथे काही ज्येष्ठ मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे. एका बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक ताई रागावूनच म्हणाल्या, "आम्ही पन्नास वर्षं घसा फोडून सांगितलं की पाळीबद्दल बोला, गर्भपाताबद्दल बोला, लाजू नका. आणि तुम्ही पोरी आता पुन्हा झाकून ठेवा म्हणताय?" ताईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्यांच्या पिढीने तोंड उघडलं नसतं तर मला हा लेख लिहायला शब्दच मिळाले नसते. आणि गोपनीयतेच्या नावाखाली पुरुषांनी काय काय झाकलं आहे, घरातली मारहाण ही 'आमची खाजगी बाब' कशी ठरवली आहे, ते रोज बघतेच आहे.

पण शिबिरात, आपल्या माणसांत, आपण होऊन सांगणं वेगळं आणि पगार अडवून धरलेल्या माणसापुढे सांगावं लागणं वेगळं. शिबिरात बाई बोलते तेव्हा तिला काही मिळतं, हलकं वाटतं, दुसरीचा हात हातात येतो. मस्टरपुढे बोलते तेव्हा ते एका रकान्यात भरलं जातं आणि तिचा त्यावरचा हक्क संपतो. मासिक पाळीच्या रजेचंच बघा. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात, कर्नाटक सरकारने २०२५ च्या अखेरीस महिन्याला एक पगारी दिवस देणारा आदेश काढला. मी या रजेच्या बाजूची आहे. पण त्याच २०२५ च्या ऑक्टोबरात रोहतकच्या एका विद्यापीठातल्या सफाई कामगार स्त्रियांनी तक्रार केली, की पाळीमुळे बरं नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे पॅडच्या फोटोंचा पुरावा मागण्यात आला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. पाळीबद्दल उघड बोलायला आपण शिकवलं ते यासाठी नव्हे, एवढं तर ताईही मान्य करतील.

दुसरा आक्षेप मालकांचा असतो, आणि तोही ऐकायला हवा, कारण आपल्यातल्याही काहीजणी आता संस्था चालवतात. लोक खोटे दाखले आणतात, मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? खोटे दाखले मिळतात, हे खरं आहे. पण दाखल्यावर 'टायफॉइड' लिहिल्याने तो खरा ठरत नाही. मालकाला तीन गोष्टी कळणं पुरेसं आहे : नोंदणी असलेल्या डॉक्टरने तपासलं आहे, अमुक तारखेपर्यंत काम जमणार नाही, आणि परत आल्यावर काही काम, म्हणजे ओझं उचलणं, रात्रपाळी, उभं राहणं, टाळायला हवं की नाही. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्या, पण त्या डॉक्टरनेही 'योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच कळवावं. संसर्गाचं म्हणाल, तर त्याची व्यवस्था आहे. क्षयरोगाची नोंद आरोग्य खात्याला देणं २०१२ पासून डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती नोंद आरोग्य खात्याकडे जाते, कारखान्याच्या गेटवर नाही.

उलट, नाव लिहायची सक्तीच खोट्याला जन्म देते. आमच्या भागातले एक भले डॉक्टर गर्भपात झालेल्या, नैराश्यावर उपचार घेणाऱ्या, सगळ्याच बायकांना 'व्हायरल फिव्हर' लिहून देत. दयाबुद्धीने. मी त्यांना भेटले आणि म्हटलं, डॉक्टर, हे उघडकीला आलं तर तुमची नोंदणी धोक्यात येईल आणि तिच्यावर फसवणुकीचा आरोप येईल. खोटं लिहिण्याऐवजी काही लिहूच नका. 'वैद्यकीय कारणास्तव अमुक ते अमुक विश्रांतीची आवश्यकता आहे', बस्स. ते हसले. म्हणाले, "अहो, मग ते लोक तिला परत पाठवतात, नाव लिहून आण म्हणून. दोनदा माझ्याकडे हेलपाटा, दोन खाडे." त्यांचंही खरं होतं. एकटीने रिकामी जागा सोडून चालत नाही. दहाजणींनी सोडली तर कदाचित.

लेटरहेडचीही एक गंमत आहे, म्हणजे गंमत नव्हेच. दाखल्यात आजाराचं नाव नसलं तरी वर छापलेलं असतं 'स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ', नाहीतर 'मनोविकारतज्ज्ञ', किंवा खाली शिक्का असतो एखाद्या उपचार केंद्राचा. कारकून मजकूर वाचायच्या आधी शिक्का वाचतो. म्हणून आम्ही आता बायकांना सांगतो, तज्ज्ञाचे कागद घरी ठेवा, आणि ज्यांना सगळं माहीत आहे अशा नेहमीच्या डॉक्टरांकडून साध्या लेटरहेडवर दाखला घ्या. गावाकडे मात्र डॉक्टर एकच असतो आणि त्याचा कंपाउंडर सुपरवायझरचा मेहुणा असतो. त्याच्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

अर्थात ही सगळी चर्चा ज्यांना रजा नावाची वस्तू मिळते त्यांची. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक दिवस चुकला की तो खाडा, आणि खाड्याचा दंड मुकादमाकडे. बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापतींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाळीमुळे, अंगावरून जाण्यामुळे खाडे नकोत, म्हणून पिशवीच काढून टाकलेल्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की दाखल्यावर आजाराचं नाव लिहू नकोस? तिला आधी दिवस हवा. पण रजेचा हक्क आधी, खाजगीपणा नंतर, अशी उतरंडही मला पटत नाही. ऊसतोडीच्या फडावर मुकादमाला बाईची पाळी माहीत असते, हा तिच्या गुलामीचाच भाग आहे.

आणि आपली घरं? घरकामाला येणारी बाई दोन दिवस आली नाही की आपण दारातच विचारतो, "काय झालं होतं?" काळजीने विचारतो, खोटं नाही. पण ती उत्तर देते ते काळजीला नाही, पगाराला. 'पोटात दुखत होतं' म्हटलं की आपण पुढे विचारतो, कुठे, कसं, डॉक्टरला दाखवलंस का, कागद बघू. मी स्वतः हे केलं आहे. तिने पिशवीतून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि मी चष्मा लावून तो वाचला! आता मी "बरं वाटतंय का?" एवढं विचारते. ती सांगायचं असेल तर सांगते. बऱ्याचदा सांगत नाही, आणि ते मला जड जातं, हेही कबूल करते.

संस्थांमध्ये तर काळजीला ऊतच आलेला असतो. मागे एका संस्थेत असताना मला तीन आठवडे रजा घ्यावी लागली. आमच्याकडे रजा ग्रुपवर कळवायची पद्धत. मी लिहिलं, 'आजारपणामुळे तीन आठवडे येणार नाही.' पाच मिनिटांत 'काय झालं गं?' सुरू. रडक्या चेहऱ्यांची चित्रं, 'कोणत्या हॉस्पिटलमध्ये?', 'काही सीरियस नाही ना?' मी उत्तर दिलं नाही. परत आल्यावर प्रमुख ताईंनी बोलावून घेतलं. "आम्ही तुझं कुटुंब ना, आमच्यापासून काय लपवायचं?" कुटुंबापासूनच तर बायकांना सगळ्यात जास्त लपवावं लागतं, हे आम्ही दोघी रोज ज्या टेबलावर ऐकत होतो, त्याच टेबलावर हे संभाषण चाललं होतं. मला काय झालं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

सध्या मी जिथे आहे तिथे आम्ही थोडं काही केलं आहे. रजेच्या अर्जातून 'कारण' हा रकाना काढून टाकला. दाखला एकाच व्यक्तीकडे जातो, बंद पाकिटात, आणि हजेरीच्या वहीत फक्त 'रजा' लिहिलं जातं. विम्याचे कागद संस्थेच्या हातून न जाता थेट विमा कंपनीकडे जातील, असं बघितलं. पहिल्या सहा महिन्यांत हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याने दोनदा कुरकुर केली, मग ती थांबली. केंद्रात येणाऱ्या बायकांसाठी आम्ही दाखल्याचा चार ओळींचा मराठी नमुना छापून घेतला आहे. बाई तो डॉक्टरांपुढे ठेवते. काही डॉक्टर लगेच सही करतात, काही म्हणतात आम्हाला शिकवू नका. अकरा डॉक्टरांपैकी सहांनी आतापर्यंत होकार दिला आहे. मैत्रिणींनो, तुमच्या भागात असं कोणी करत असेल, किंवा एखाद्या युनियनने करारात हे कलम घालून घेतलं असेल, तर अवश्य कळवा. आम्हाला तो मसुदा हवा आहे.

ती पॅकिंगवाली बाई आता दुसऱ्या कारखान्यात आहे, दुसऱ्या ठेकेदाराकडे. मागच्या महिन्यात केंद्रात आली. मुलगी आजारी नव्हती, तीच होती. नव्या ठेकेदाराचा छापील अर्ज तिच्या हातात होता, त्यात 'आजाराचे स्वरूप' असा रकाना, आणि तिने त्यावर पट्टीने सरळ आडवी रेघ मारलेली. खाली आमच्या नमुन्यावर डॉक्टरांची सही. "कारकुनाने एकदा परत केलाय," ती म्हणाली. "उद्या परत नेऊन देते. तुम्ही फक्त त्या कायद्याचं वाक्य मला एका कागदावर लिहून द्या." मी म्हटलं, तो कायदा गर्भपाताचा, या दुखण्याला तो लागू नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ज्याला जो लागू आहे तो लिहा." मी अजून शोधते आहे.